लग्नाची रंगीत तालीम

आमच्या घरच्या ग्रुपवर शुक्रवारी रात्री निरोप आला. ‘रविवारी सकाळी दहाला वाडीवर तालीम. सगळ्यांनी वेळेवर या. काका-मामा दुसऱ्या फेरीत, आत्या-मावशी चौथ्या फेरीत.’ निरोप पुतणीचा होता, म्हणजे जिचं लग्न तिचाच. मी चष्मा लावून पुन्हा वाचला. तालीम हा शब्द मला परका नाही. कोपरी गावातल्या आमच्या हौशी नाटकमंडळात मी बावीस वर्षं प्रॉम्प्टर होतो. तोंडाला कधी रंग लावला नाही, पण विंगेत संहिता धरून बसलो, आणि कोण कुठे अडखळणार हे त्या माणसाच्या आधी मला कळायचं. पण ती तालीम नाटकाची. लग्नाची तालीम मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

म्हटलं, जाऊ आणि बघू. नाटक बघून आलं की चार ओळी खरडायची मला सवय आहे, तशा ह्याच्याही खरडू. हे ते खरडणं. परीक्षण म्हणा नाहीतर म्हाताऱ्याची कुरकुर म्हणा.

आधी वाडीवर का, ते सांगतो. कोपरी म्हणजे ठाण्याचं पूर्वेचं अंग. एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला खाडी. आगर म्हणजे मिठागर, आणि आगर पिकवणारा तो आगरी. आज मीठबंदर रोडच्या पाटीवर मीठ उरलंय तेवढंच. माझ्या लहानपणी आमच्या कौलारू घरापुढे चार बैलगाड्या सोडता येतील एवढं अंगण होतं. लग्न त्या अंगणात. गावची पोरं बांबू आणायची, मांडव घालायची, उंबराची फांदी वाजतगाजत यायची आणि मांडवाला बांधली जायची. सारवायला आळीतल्या बायका न बोलावता यायच्या. 1982 साली ठाण्याची महानगरपालिका झाली. त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत आमच्या घराची चाळ झाली आणि चाळीची बिल्डिंग. अंगण होतं तिथे पार्किंग आहे. बारा गाड्या राहतात, मांडव राहत नाही.

म्हणून कल्याणच्या पुढे, मुरबाड रस्त्याला, रायत्याचा उल्हास नदीवरचा पूल ओलांडून आत एक वाडी भाड्याने घेतली. लग्न तिथे, संगीत तिथे, हळदही तिथेच. ‘गाव थीम’ आहे, असं पुतणी म्हणाली. मी म्हटलं, गाव आपलं होतं की गं. ती हसली. तिचा काय दोष? तिने गाव पाहिलंच नाही, तिने पार्किंग पाहिलंय.

आता नेपथ्य. वाडीच्या फाटकात बैलगाडी उभी होती, बैलांशिवाय. दांड्याला झेंडूच्या माळा. आत झाडाला सुपं, टोपल्या, रॉकेलचे कंदील टांगलेले. जमीन सारवल्यासारखी दिसेल असा रंग सिमेंटवर मारलेला. एका कोपऱ्यात जातं होतं आणि त्यावर काच ठेवून टेबल केलं होतं. त्यावर पाण्याच्या बाटल्या. मी वाकून जात्याचा खुंटा बघितला. लाकूड नवं होतं, पण पेढ खरी, टाकी लावलेली, कुणाच्या तरी घरात झिजलेली. आमचं जातं चाळ पाडताना डेब्रिजच्या डंपरात गेलं, आणि ते टाकणाऱ्यांत मीही होतो. त्यामुळे ह्या नेपथ्याला नावं ठेवताना माझी जीभ जरा जड होते. टाकून दिलेल्या वस्तूंचं भाडं आपण आता तासावर भरतो, हे खरं. पण वाडीवाल्याने त्या निदान टाकल्या नाहीत, हेही खरं.

नेपथ्याबद्दल माझी तक्रार एकच. नाटकात जातं ठेवलं की कुणीतरी दळायला बसलं पाहिजे. इथे हळदीचा कार्यक्रम होता आणि हळद पाकिटातून येणार होती. जात्यावर काच होती.

दिग्दर्शनाला एक मुलगी होती, पंचविशीची, गळ्यात शिट्टी, हातात पॅड. नाच बसवणारी. तिचं काम मला आवडलं, हे आधीच कबूल करतो. दहा म्हणजे दहाला तिने शिट्टी वाजवली. आमच्या मंडळात सातची तालीम साडेआठला सुरू व्हायची आणि साडेआठला चहा यायचा. हिने पंचेचाळीस नातेवाईक चार फेऱ्यांत विभागले, गुडघे दुखणारे मागे घेतले, रुसलेल्या मामीला पुढे आणलं. माझा भाऊ, नवरीचा बाप, जन्मात कधी नाचला नाही. त्याला तिने चार पावलं शिकवली. चौथ्यांदा चुकल्यावर तो स्वतःवरच हसायला लागला आणि त्याच्या व्याह्याने त्याचा हात धरला. व्याही सिंधी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कोपरीत येऊन राहिले, तेव्हापासूनची ही वस्ती, आमच्या गावठाणाला लागूनच. पंचाहत्तर वर्षं आम्ही त्यांच्या दुकानातून कापड घेतलं, त्यांनी आमच्याकडून बोंबील घेतले, पण एकमेकांच्या लग्नात अक्षता टाकून जेवून येण्यापलीकडे मजल गेली नाही. त्यांचं काय आणि आपलं काय, कुणी कुठे उभं राहायचं, हे एकदा करून बघितल्याशिवाय कळणार कसं? अशा घरांना तालीम हवीच. ती नसती तर ऐन लग्नात दोन्हीकडच्या मावश्यांनी एकमेकींकडे पाठ करून दोन वेगळी लग्नं लावली असती.

आता उणं सांगतो. दिग्दर्शनात एक गोष्ट मला खुपली. नवरी वाडीत शिरते तेव्हा बाप समोर उभा. तिला बघून त्याचे डोळे भरतात. फोटोवाल्याला ते हवं होतं, आणि उजेड कुठून येतो त्यावर बापाची जागा ठरली. भावाला खडूची खूण करून दिली. ‘काका, इथे उभं राहायचं. ती झाडापाशी आली की रुमाल काढायचा. आधी नको.’ भावाने दोनदा रुमाल आधी काढला. तिसऱ्यांदा बरोबर काढला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नाटकात नट रोज तेच रडतो, ती त्याची विद्या आहे. तिथे तालीम करतात, कारण समोर तिकीट काढलेला प्रेक्षक असतो आणि रडणं खोटं आहे हे दोघांनाही माहीत असतं. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये पन्नासहून जास्त माणसं एकटे उभी करायचे, अख्खं वऱ्हाड. एका माणसाला लग्नाचं नाटक करायचं तर केवढी मेहनत लागते ते तिथे दिसतं. पण ती माणसं त्यांनी कुठून उचलली? खऱ्या लग्नातून, जिथे कुणीच तालीम केली नव्हती. उद्या कुणा देशपांड्यांना आमच्या वाडीतलं लग्न बघून एकपात्री करायचं ठरलं, तर त्यांना खडूच्या खुणा सापडतील. 1994 साली ‘हम आपके हैं कौन’ आला, चौदा गाण्यांचा. आमच्या घरात तो किती वेळा लागला त्याची गणती नाही. तेव्हा आम्ही म्हणायचो, लग्नासारखा सिनेमा आहे. आता सिनेमासारखं लग्न करतो.

पण रुमालावर मी एवढा भडकलो नसतो. खरी गोष्ट घडली ती चौथ्या फेरीत.

चौथ्या फेरीत आत्या. वय ऐंशीच्या पुढे. ती आमच्या घरातली धवलारीण. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवले म्हणणारी बाई असते. मांडवाचा धवला वेगळा, हळदीचा वेगळा, आंघोळीचा वेगळा, बाशिंगाचा वेगळा. ती नुसती गाणारी नव्हे, लग्न तीच चालवते. आता काय करायचं, कुणी करायचं, हे तिच्या गाण्यातून पुढे सरकतं. 25 डिसेंबर 1873 ला पुण्यात जोतीराव फुल्यांच्या पुढाकाराने पहिला सत्यशोधक विवाह भटजीशिवाय लागला, त्याचा इतिहास आपण शाळेत शिकतो, आणि शिकायलाच हवा. पण आमच्या आजीचं म्हणणं साधं होतं. भटजी आला नाही तर बघू, धवलारीण आली नाही तर लग्न लागायचं कसं?

कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं होतं, ‘आत्याआजी, पारंपरिक गीत, 2 मिनिटं.’ मागे वाजवायला संगीताचा तुकडा तयार होता. आत्या माइकसमोर उभी राहिली. माइक तिने हाताने थोडा दूर सारला. सुरू केलं. तिचा आवाज आता फाटका आहे, पण हलत नाही. पहिला देव आला, दुसरा आला. बरोबर दोन मिनिटांनी मागचं संगीत मोठं झालं, आवाजवाल्याने माइक बंद केला, मुलीने शिट्टी वाजवली. “मस्त, आजी! उद्यापण एवढंच.”

आत्या तिथेच उभी. मग म्हणाली, “अजून एकवीरा आली नाय गो. गावदेवी नाय आली. मेलेली मानसा नाय आली. देवांना काय अर्ध्या वाटेत सोरू?”

मुलगी भली होती, तिला कळेना. तिने विचारलं, “आजी, थोडक्यात नाही का होणार?”

“मना थोडक्यात येत नाय.”

मी प्रॉम्प्टर, त्यामुळे मला त्या क्षणी एक गोष्ट लख्ख दिसली, जी साठ वर्षं धवले ऐकून दिसली नव्हती. आत्या गात होती तेव्हा ओळीनंतर थांबत होती. थोडी जागा सोडत होती. संगीतवाल्याला वाटलं विसरली. ती विसरली नव्हती. ती जागा मागच्या बायकांची. धवल्यात पुढची बाई ओळ म्हणते आणि मागच्या सगळ्या ती उचलतात, पुन्हा म्हणतात, तोवर पुढची पुढल्या ओळीचा श्वास घेते. म्हणून तासभर गाऊन घसा बसत नाही. म्हणून पुढची अडखळली तर मागून कुणीतरी शब्द देतंच. आणि म्हणूनच मागे बसलेली बारा वर्षांची पोर प्रत्येक ओळ दोनदा ऐकते, एकदा म्हणते, आणि पाच-सहा लग्नांत तिला सगळं पाठ होतं. एका लग्नात पुढच्या लग्नाची तालीम होऊन जायची. वेगळा रविवार लागत नव्हता.

त्या दिवशी मागे कुणी नव्हतं. मागे बसणाऱ्या पोरी तिसऱ्या फेरीतल्या नाचाचे कपडे बदलायला गेल्या होत्या. आत्या जागा सोडत होती आणि जागा रिकामी जात होती.

ह्या तालमीवर माझा आक्षेप इथे आहे. तिने प्रत्येकाला आपापली फेरी दिली, आणि आपली नसलेली फेरी बघायची सवय मोडली. जो तो आपलं पाठ करतो, बाकीच्या वेळी मोबाइल. लग्न झालं की चार पावलं विसरायला मोकळे. पुढच्या लग्नाला पुन्हा शिट्टी, पुन्हा पॅड, पुन्हा पैसे. एवढ्या मेहनतीतून घरात काही उरत नाही. धवल्यात एक बाई उरायची.

कुणी म्हणेल, तालमीला उगाच झोडपतोय. तर एक जुनी गोष्ट सांगतो, माझ्याच विरुद्ध जाणारी. तेराव्या शतकात विदर्भात रिद्धपूरला गोविंदप्रभूंना लग्न मांडायची लहर आली. खरं लग्न नव्हे, लीळा. आपल्या भाषेत लुटुपुटीचं. पण लग्न म्हटलं की गाणी हवीत. तेव्हा महदाइसेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचून म्हटले. तिला मराठीतली आद्य कवयित्री म्हणतात ते ह्या धवळ्यांमुळे. म्हणजे लुटुपुटीच्या लग्नातून मराठीला तिची पहिली कवयित्री मिळाली. तेव्हा खोट्या मांडवाला मी नाक मुरडणार नाही. वाडी भाड्याची असो, बैलगाडी बैलांविना असो. मी एवढंच विचारीन, तिथे गाणाऱ्या बाईला किती वेळ होता?

आणि आमची जुनी लग्नं तरी काय सोवळी होती? अंगणातल्या मांडवाची आठवण काढताना मी हळदीची रात्र गाळतो, सगळेच गाळतात. हळदीला मटण, दारू, आणि मांडवाइतके उंच भोंगे. रात्री दहाला आवाज बंद करायचा नियम 2000 सालापासून आहे, पण तो पाळला जावा म्हणून समाजाच्या बैठकांत ठराव करावे लागतात. कर्जाचं तर बोलायलाच नको. माझ्याच लग्नाचं कर्ज वडिलांनी सात वर्षं फेडलं. त्या भोंग्यांपुढे धवलारीण आत स्वयंपाकघराच्या दाराशी बसून गायची आणि तिचं तिलाच ऐकू यायचं. आत्याला दोन मिनिटं देणाऱ्या मुलीला बोल लावायचा, तर आम्ही तिला कित्येक वर्षं एकही मिनिट दिलं नव्हतं. आम्ही पुरुष तेव्हा बाहेर खुर्च्या टाकून बसलेले असायचो.

मधे एकदाच वेगळं झालं. 2021 च्या एप्रिलमध्ये सरकारचा आदेश निघाला, लग्नाला 25 माणसं आणि दोन तास. ह्याच पुतणीच्या मोठ्या बहिणीचं लग्न त्या मे महिन्यात ठरलं होतं. हॉल नाही, भोंगे नाहीत, जेवणावळ नाही. पार्किंगमधल्या गाड्या रस्त्यावर काढल्या, चार बांबू उभे केले, उंबराची फांदी बांधली. तोंडाला मास्क लावून आत्या गायली. मागे तीन बायका. वेळ मोजून मिळालेला, तरी आत्याने एक देव गाळला नाही, मंगलाष्टकं तेवढी आटोपती घेतली. त्या दिवशी मी पहिल्यांदा धवल्याचे शब्द ऐकले. तोवर मी फक्त सूर ऐकला होता, दुरून, खुर्चीवरून. सगळं काढून घेतल्यावर लग्नात काय उरतं, ते मला पार्किंगमध्ये कळलं. आणि मग साथ गेली, हॉल उघडले, मीही विसरलो.

वाडीवरच्या तालमीत पुढे काय झालं ते सांगून संपवतो. आत्या माइकपासून हटली आणि बाजूला झाडाखालच्या खाटेवर जाऊन बसली. रुसली नव्हती, पाय दुखत होते. शेजारी नवऱ्या मुलाची दादी बसली होती, सिंधमध्ये जन्मलेली, आत्याहूनही थोरली. तिला मराठी समजतं, बोलत नाही. ती म्हणाली, “बहन, आगे का बोलो ना.” आत्या बसल्या बसल्या हळू आवाजात पुढचं म्हणू लागली. ओळ झाली, जागा सोडली. दादीने त्या ओळीचं शेपूट उचललं. शब्द चुकले, सूर बरोबर. सिंध्यांच्या लग्नातही बायका लाडा म्हणतात. तिला ती रिकामी जागा ओळखीची होती. ओळीमागून ओळ. पाचव्या-सहाव्या ओळीला नवरी येऊन खाली बसली. पॅडवाली मुलगी पलीकडे तिसरी फेरी पुन्हा घेत होती, इकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्या दिवसाच्या तालमीत मला आवडलेला प्रवेश हा, आणि तो पत्रिकेत नव्हता.

संध्याकाळी परतताना गाडीत पुतणी म्हणाली, “काका, हळद आपण बिल्डिंगखालीच करूया का? वाडीवर संगीत आणि लग्न. हळद इथे.”

मी म्हटलं, “गाड्या?”

“2021 ला काढल्याच होत्या की.”

तिच्या बापाने थोडी कुरकुर केली. वाडीला हळदीचे पैसे भरून झाले होते, परत मिळाले नाहीत. पण हळद कोपरीत झाली. बारा गाड्या आदल्या रात्री बाहेर गेल्या. सोसायटीच्या सेक्रेटरीने दुपारी बारापर्यंत परवानगी दिली, लेखी. आत्या सकाळी आठला बसली. मागे सात-आठ बायका, दादी, नाचाच्या तिसऱ्या फेरीतल्या दोन पोरी, त्यातली एक मोबाइलवर रेकॉर्ड करत होती. मी खुर्ची टाकली नाही. बायकांच्या मागे, खांबाला टेकून उभा राहिलो. संहिता हातात नसताना कुणाच्या मागे उभं राहायची माझी ही पहिलीच वेळ. एकवीरा आली, गावदेवी आली, मेलेली माणसं आली. त्यात माझी आई होती. आत्याने ओळ सोडली, बायकांनी उचलली, आणि सवयीने मीही ती ओठांत पुटपुटलो, विंगेतून द्यायचो तशी.

आत्याने मान वळवली. गाणं न तोडता, पुढल्या श्वासाच्या आधी म्हणाली, “मोठ्यानं बोल रं. बावीस वर्सा नुसता कुजबुजलास.”